काठ

मांजरपाट, दीड मीटर,
फेविकॉलचं पाणी देऊन रात्रभर
दुकानाच्या शटरला आतून टांगलेला.
सकाळी पापडासारखा कडक.
त्यावर समुद्र काढायचा होता मला,
खार दांड्याचा, दुकानातून दिसतो तेवढाच:
दोन होड्यांच्या मधला,
डावीकडे बोंबलांची वलांडी,
उजवीकडे न सांगण्यासारखं.

सतरा वर्षं लोकांच्या साड्यांना फॉल लावते.
काठ म्हटलं की हात आपोआप
चार बोटं आत मोजतो.
समुद्राचा काठ कुठून मोजायचा
ते कुणी शिकवलं नव्हतं.

निळा घेतलाच नाही.
आपलं पाणी निळं असतं ते कॅलेंडरवर.
शेवाळी घेतला, त्यात चहा, त्यात चिमूटभर राख,
आणि भरतीला जो एक रंग येतो,
तांदूळ धुतलेल्या पाण्याचा,
तो काही ब्रशनं जमेना.
चिंधीनं पुसला तेव्हा आला.

वाळल्यावर मशीनखाली घातलं.
तिसऱ्या टाक्याला सुई मोडली, चौदा नंबरची.
दुसरीही मोडली.
मग आईचं पितळी अंगुस्तान शोधून
हातानंच धावदोरा घालत बसले.
रंगाच्या कापडात सुई शिरताना
टक् असा आवाज होतो,
कोलंबीचं डोकं मोडावं तसा.

दोरा बुधीबायनं दिलेला,
फाटक्या जाळ्यातून सोडवलेला, चहाच्या रंगाचा.
दोनदा धुतला तरी त्याचा वास
माझ्या बोटांना कामावर लागल्यासारखा रोज येत होता.

पाण्याची रेघ पुरी झाली त्या दुपारी
हशा नाखवा चड्डीला बटण लावून घ्यायला आले.
बघत राहिले. म्हणाले,
"पानी हय नव्हता गो."
आणि नखानं दाखवलं, वीतभर वर.
भराव पडायच्या आधी तिथं होड्या लागायच्या.

उसवलं मी.
दोरा निघाला, भोकं राहिली.
साडीतलं भोक नखानं घासलं की बुजतं,
रंगातलं बुजत नाही.

भरती, भराव, भरतकाम,
सगळं भरणंच.
त्यातली भरती तेवढी
आपली आपण उतरते.

वीतभर वर पुन्हा रेघ घातली.
संध्याकाळी बुधीबाय जाळीचा पाटा घेऊन आली
आणि नवऱ्याला येडा म्हणाली.
तिची सासू भांडी घासायची ती पायरी
अजून आत, खूप आत.
तिचं बोट कापडावर चढत गेलं,
होड्या ओलांडल्या, वलांडी ओलांडली,
मी रंगवलेलं आकाशही संपलं,
बोट कापडावरून खाली उतरलं,
टेबलावरून सरकत सरकत
गिऱ्हाइकांच्या साड्यांच्या गठ्ठ्यावर येऊन थांबलं.
"हय," म्हणाली.
"हय पानी."

दुसरी रेघ उसवली नाही.
पहिलीची भोकंही तशीच ठेवली,
ओहोटीच्या रेतीत खेकड्यांची असतात
तशी ती दिसतात, दिवा मागून लावला तर.
तिसरी कुठं घालणार?

रात्री उशिरा सोळाव्या रस्त्यावरच्या धारपबाईंची
नारायणपेठ हातात घेतली.
गुरुवारी भाचीचं लग्न, आधीच दोन फोन.
फॉल पुरा लावून गाठ मारली
आणि वास आला तेव्हा बघितलं,
सुईत तोच दोरा होता.
जांभळ्या काठाला आतून चहाच्या रंगाची रेघ,
साडेपाच मीटरभर नाही, पण निम्म्याहून जास्त.

उसवायला घेतलं. पहिला टाका काढला.
मग तोही परत घातला.

धारपबाई सकाळी घाईत आल्या,
पिशवी उघडून बघितली नाही,
सत्तर रुपये दिले आणि गेल्या.
मी दारात उभी राहून बघत होते.
पाणी त्यांच्याबरोबर
दांड्याच्या नाक्यापर्यंत गेलं,
रिक्षात बसलं.