जसं टिपलं तसं

गुनवोर कार्ड घेऊन आली
खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत.
वार्डोच्या ग्रंथालयात मी गावाचे जुने फोटो सांभाळते,
म्हणून लोकांना वाटतं, मला काहीही दुरुस्त करता येतं.
"बाबांचे शेवटचे. चार वर्षांचे," म्हणाली.
"सगळे निळे आहेत. आई गेल्यावर
त्यांना जग असंच दिसत असणार."

मी गप्प.
आमचा हिवाळा तसाही निळाच,
दोन महिने सूर्य समुद्राखालून वर येत नाही.
पण जूनमधले कुरवही निळे?
मध्यरात्रीच्या उन्हात वाळत घातलेला कॉडही?
धुण्यात नीळ जास्त पडावी
तसा धक्का, तशा होड्या, तसा कुत्रा.

तपशील उघडला.
शटर, लेन्स, तारीख, आणि पार तळाशी,
जिथवर सहसा कुणी उतरत नाही,
पांढऱ्याचा तोल : बल्ब.
पुढच्या फोटोत बल्ब. त्याच्या पुढच्यातही.
एक हजार नऊशे बारा वेळा
बल्ब.

मग उलटी निघाले, मागे मागे,
सोळा नोव्हेंबरपर्यंत. संध्याकाळचे सात चाळीस.
स्वयंपाकघर, पिवळा दिवा,
बोर्गहिल्डचा सत्तरावा वाढदिवस,
आणि टेबलावरचं कापड स्वच्छ पांढरं.
तेवढ्या एका संध्याकाळी हिशेब बरोबर होता.
तिचं कापड पिवळट दिसू नये म्हणून
तोर्लेइफने सेटिंग बदलली होती.
परत फिरवायची राहून गेली.

गुनवोर हसली. हसता हसता थांबली.
"म्हणजे दुःख नव्हतंच? नुसते विसरले होते?"
मला काय ठाऊक.
यंत्राला पांढरं कळत नाही गं, मी म्हटलं,
ते नुसता उजेड मोजतं.
पांढरं कशाला म्हणायचं, ही शेजारी ठेवलेली चिठ्ठी.
चिठ्ठी बदलता येते. बदलू?

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

शेवटून दुसरा फोटो रिकामा.
नुसता निळा, धूसर. पुसायलाच निघाले होते.
मोठा केला तर कापडाची वीण दिसली,
कोपऱ्यात मुल्त्याच्या मुरंब्याचा जुना डाग.
गुनवोरने पडद्यावर बोट ठेवलं,
डागावरच.

कॅमेऱ्याला पांढरं शिकवायचं
तर आधी पांढरं काहीतरी समोर धरावं लागतं,
पूर्ण चौकट भरेल असं.
माहितीपुस्तिकेत आहे, पान एकशे सेहेचाळीस.
चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते पान वाचून,
चष्मा सावरत,
कपाटाच्या तळातून कापड काढून,
दाराबाहेर, त्या वाऱ्यात, एका हाताने धरून.

त्यानंतरचा, शेवटचा. एकवीस जानेवारी.
सूर्य परत येऊन दोनच दिवस झालेले.
तोल : स्वतः ठरवलेला.
अंगण. बर्फ, बर्फासारखा.
कडेला चुकून आलेलं
कापडाचं फडफडतं टोक.
मधोमध कुत्रा, तांबूस तपकिरी.

"बाकीच्यांना हात लावू नकोस," गुनवोर म्हणाली.
आणि बऱ्याच वेळाने,
डबीचं झाकण लावता लावता,
"मला वाटायचं, तो काळा होता."