ओष्ठ्य

क ख ग घ त्याला येतात.
घशाच्या आतल्या अंगाला इजा नाही.
त थ द ध : जीभ दात शोधते,
वरचे चारच उरलेत, पण भागतं.
अडतं ते शेवटच्या ओळीपाशी,
प फ ब भ म.
ओठाला ओठ लागावा लागतो,
आणि ऑरिन लिंडविगचा खालचा ओठ
तीनदा शिवूनही
कुणाचा तरी उसना आणल्यासारखा लोंबतो.

त्याला हा क्रम ठाऊक नाही.
मी मात्र त्याच क्रमानं तपासते,
सांगलीच्या शाळेत गिरवलेल्या,
घशातून निघून ओठांवर संपणाऱ्या.
बिलिंग्ज, मॉन्टाना. चौथा मजला.
खिडकीबाहेर पिवळट कडे, बर्फ, रिफायनरीची वाफ.

जबड्यात पायातलं हाड बसवलंय.
पहिल्याच आठवड्यात त्यानं पाटीवर लिहिलं :
म्हणजे आता मी पायानं बोलणार.
मी हसले. मग गप्प झाले.
त्यानं खाली लिहिलं : हसायचंच होतं.

कुत्रीचं नाव मेबल.
त्याच्या तोंडून येतं, "एअल".
शीळही गेली.
बहीण लोर्ना फोनवर कुत्रीला दाखवते,
कुत्री फोनच्या मागं जाऊन हुंगते.

जबड्याला तारखाच तारखा.
मंगळवारी सर्जन, गुरुवारी दातांचे, मी रोज.
मनाला एक. सातव्या आठवड्यात,
पडद्यावर, दुसऱ्या गावाहून, वीस मिनिटं,
त्यातली नऊ वादळानं खाल्ली.
पुढची तारीख मागायला मी फोन केला,
होल्डवरची बासरी ऐकत
वहीच्या कडेला ओठांची चित्रं काढत बसले.

रात्रपाळीला युनीस असते.
ती खुर्ची ओढते आणि
पोट साफ झालं का, असं विचारावं
त्याच आवाजात विचारते :
आज मरावंसं वाटलं?
त्यानं लिहिलं : सकाळी. आता नाही.
ठीक, म्हणाली, आणि बसून राहिली,
बूट काढून, तळवा चोळत.

आमच्याकडे असं कुणी विचारलं नाही.
माझ्या आत्येभावाबद्दल अजून सांगतात,
पोटदुखी होती.
आई दाराआड म्हणाली होती,
जिवाचं बरंवाईट करून घेतलं त्यानं.
मी नऊ वर्षांची. विचारलं,
वाईट कळलं, बरं कुठलं?
पाठीत धपाटा बसला.

कपाटातल्या सहाही बंदुका
लोर्नाच्या नवऱ्यानं माइल्स सिटीला नेल्या.
किल्ली कुठंय ते त्यानं तिलाही सांगितलं नाही.
एक आजोबांची होती.
तिच्यासाठी ऑरिन रडला, उघड,
आणि रडताना त्याचा खालचा ओठ
वर यायला धडपडला.
मी ते टिपून घेतलं : स्नायूंची हालचाल, डावीकडे, चांगली.
मग लाज वाटली.
खोडलं मात्र नाही.

आज त्यानं बोटानं ओठ उचलून धरला
आणि नाकातून फिरून
आला एकदाचा म.
फोनवर मेबलचे कान हलले,
निदान लोर्ना तसं म्हणते.

ब अजून नाही.
ब म्हणजे श्वास ओठांमागं अडवायचा
आणि मग सोडायचा.
अडवणं जमतं त्याला.
सोडताना श्वास कडेनं गळतो, लाळेसकट.
मी टिपते.
पुन्हा, लिहितो तो.
बरं, म्हणते मी, चुकून मराठीत,
आणि तो माझ्या ओठांकडे बघत राहतो,
कसं केलं ते.