खोर म्हणजे खाडी

शुक्रवार. वृंदाची ड्यूटी सातची.
हॉस्पिटलच्या दाराशी उतरताना म्हणाली,
"पोरीला मोबाईल देऊन घरात बसवू नकोस."
म्हणून निघालो, मी आणि शाल्मली.
पाण्याच्या दोन बाटल्या, दोघांत एक टोपी,
आणि अल खोरचा नोव्हेंबर,
ज्यात माणसं पुन्हा बाहेर दिसू लागतात.

आधी बंदर.
रात्रभर जागून आलेल्या लाकडी होड्या
एकमेकींना खांदा लावून पेंगत होत्या.
धक्क्यावर तारेचे पिंजरे, घुमटासारखे, उंच रचलेले.
"गरगूर," ती म्हणाली.
मी म्हटलं, "डालगं. आमच्याकडे याखाली कोंबड्या झाकतात."
ती इतकी हसली
की जाळं शिवणाऱ्या म्हाताऱ्यानं सुई थांबवून पाहिलं.

मग मासळीबाजार. पाय भिजले.
हमूर, ती म्हणाली. हेकरू, मी म्हटलं.
कनअद. सुरमई.
रुबियान. कोलंबी, अगं ही साधी कोलंबी.
साफीला माझ्याकडे नावच नव्हतं.
एक मार्क तिला.
सुरमईच्या चार तुकड्या घेतल्या,
शेजारच्या मलबाऱ्याकडे तळायला टाकल्या,
"दोन तासांनी या," तो म्हणाला, घड्याळ न बघता.

तिवरांत होडगं घ्यायचं हा तिचा हट्ट.
मोफिजनं जाकिटं दिली, माझं पोटावर मिटेना.
अंजर्ल्याच्या खाडीकाठी जन्मलो मी,
पण वल्हं कधी हातात धरलं नव्हतं.
आमचे वडील पोस्टात होते.
ती पुढे बसून वल्हवत होती,
मी मागे बसून चुकत होतो.
लांब, उथळ पाण्यात रोहित पक्षी
एका पायावर उभे,
कुणाची तरी वाट पाहणाऱ्या
पण कबूल न करणाऱ्या माणसांसारखे.
तिनं मोजले. एकोणीस. मी मोजले, सतरा.
भांडत राहिलो, तेवढ्यात ओहोटी लागली
आणि आम्ही रुतलो.

उतरून ढकलावं लागलं. गुडघाभर चिखल.
डाव्या पायातली चप्पल त्यानं ठेवून घेतली.
वास मात्र अगदी अंजर्ल्याचा.
मी बोललो नाही काही.
तिला वाटलं, बाबाला दम लागला.

सुरमई थंड झाली होती, तरी गेली.
कोकमाऐवजी वाळकं काळं लिंबू,
वाईट नव्हतं, पण कोकम नव्हतं.
शम्सुद्दीनच्या टपरीसमोर गाडी लावून हॉर्न दिला
की करक चहा खिडकीत येतो,
या देशातली मला पहिल्यांदा मनापासून पटलेली गोष्ट.
एक चप्पल असलेल्या माणसाला तर फारच सोयीची.

किनाऱ्यावरच्या ठेल्यात उम्म राशिद
पिठाचा गोळा तव्यावर हातानंच फिरवत नेते,
मागे कागदासारखा रगाग उरतो.
घावनाहून पातळ. घावनाला विचारू नये हे.
अंडं, चीज, वरून तिखट सॉस.
शाल्मलीनं दोन खाल्ले. मी मोजले नाहीत.
तिसरा फॉइलमध्ये गुंडाळून तिनं मांडीवर घेतला,
आजारी पिल्लू न्यावं तसा, दोन्ही हातांनी.

तीन वाजता वृंदा पार्किंगमध्ये आली.
वीस मिनिटं होती तिच्याकडे,
त्यातली चार लिफ्टमध्ये गेलेली.
मागच्या सीटवर बसून, बूट काढून,
न बोलता अर्धा रगाग संपवला.
मग पायाखालची वाळू पाहिली, मग माझे पाय.
"चप्पल कुठाय?"

"आई, खोर म्हणजे काय माहितेय?"
शाल्मली पुढच्या सीटवरून पूर्ण वळली.
"खोर म्हणजे खाडी.
आणि बाबाची चप्पल आता तिच्यात राहते."

वृंदा हसली, ठसका लागला, पाणी प्यायली,
घड्याळ पाहून उठली.
ओठाच्या कोपऱ्याला चीजचा बारीक तुकडा
तसाच घेऊन काचेच्या दारातून आत गेली.
मला दिसला होता.
सांगितलं नाही.