वेबिल

निशात दर मंगळवारी येते. स्कूटी
गिरणीपाशीच लावते, कारण लष्करातल्या आमच्या गल्लीत
म्हशीसुद्धा एकीमागे एक जातात.
पिशवीत रक्तदाबाचं यंत्र. हातात माझी वही.

वहीत महिनाभराची साखर:
एकशे अठरा. एकशे एकवीस. एकशे एकोणीस.
ती पान उलटत नाही, नुसती बघत राहते.
मग म्हणते, काका, ये तीसों दिन
एक ही बैठक में लिखे हैं ना?

पकडलो गेलो.
तेवीस वर्षं ग्वाल्हेर–शिवपुरी.
(आमच्याकडे एसटी नाही म्हणत. रोडवेज.)
वेबिलात पाच पैशांचा फरक नाही,
मोहन्याच्या अलीकडे चेकर चढला
तरी माझा आवाज बदलला नाही.
आणि या बारा रुपयांच्या वहीत मी
बिनतिकिटाचे आकडे बसवले, खिडकीपाशी.

वाटलं, आता भाषण.
डोळे, किडनी, हृदय – एकेकाचं नाव घेईल,
दवाखान्यात घेतात तसं,
श्राद्धाला पितरांचं घेतात तसं.

तिने विचारलं, तुम्हाला काय हवंय?

हा प्रश्न मला आजवर
बहुतेक फक्त हलवायाने विचारला होता.

म्हणालो, चालत्या गाडीत
काही न धरता उभं राहायचंय.
एका हातात चिमटी, काखेत थैली,
वळण आलं की पायांना आधीच कळायचं.
आता मोरीतसुद्धा भिंत धरतो.
तळव्यांखाली सतत कापूस.
पौषात शेकोटीपाशी बसलो होतो, रबर जळल्याचा वास आला,
शेजारच्याच्या चपलेकडे पाहिलं.
चप्पल माझी होती.
आत पायही माझाच.

तिने लिहून घेतलं, तसंच्या तसं:
न धरता उभं राहणे.
साखर त्याच्या खाली, बारीक अक्षरात.

मग दाढीचा आरसा मागितला,
फरशीवर ठेवला. रोज रात्री, एकेक पाय.
मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
माझे दिसले एकाहत्तराव्या वर्षी, साबणाचे डाग पडलेल्या काचेत:
भेगा, अंगठ्याखालचा घट्टा,
शेकोटीचा तो गुळगुळीत गुलाबी चट्टा.
सगळा प्रवास यांनी उभ्याने केला
आणि मी एकदाही वाकून विचारलं नाही,
कुठे उतरायचंय.

चालायचं मी ठरवलं, तिने नाही.
दार म्हणजे ग्वाल्हेर. गिरणी पनिहार.
हापशी घाटीगाव.
बंद पडलेलं सायकलींचं दुकान मोहना,
मोहन्याला गाडी चहासाठी दहा मिनिटं थांबायची,
म्हणून मीही थांबतो, चहा नसला तरी.
शिवपुरी पार त्या टोकाला, डेअरीपाशी.
अजून पोचलेलो नाही.
सून विचारते, आज कुठवर?
मी म्हणतो, घाटीगाव.
पहिल्या आठवड्यात हसली होती. आता
फक्त दार उघडं ठेवते.

परवा फाळक्यांकडे साखरपुडा.
नावातच आहे, मी तरी काय करणार.
सकाळी बोट टोचलं: दोनशे बारा.
पेन सवयीने एकावर टेकलं.
एकाच्या पोटातून दोन काढता येत नाही,
खाडाखोड दिसते, वेबिलात ती कधी चालली नाही.
नवी ओळ घेतली.
दोनशे बारा. श्रीखंड, दोनदा, खुशीने.
त्याच ओळीत पुढे:
डाव्या टाचेला लाल ठिपका, मसुराएवढा. दुखत नाही.
न दुखणंच लिहायचं असतं, ती म्हणाली होती.

मंगळवारला अजून चार दिवस.
फोन लावला.
हां काका, कहाँ तक पहुँचे?
मागे कुठल्याशा मोटारीचा हॉर्न, तिला नीट ऐकू येईना,
म्हणून मोठ्याने सांगितलं, जुन्या आवाजात,
मागच्या बाकापर्यंत जायचा तो:
पनिहारच्या अलीकडेच आहे.
गाडी उभी केलीय.
टायर बघतोय.