बदलीवरचा माणूस

ऑक्टोबर सरत आलाय. टॅमरॅक तळ्याच्या काठाकाठानं
पहाटे दुधावर साय धरावी तसं बर्फ धरू लागलंय.
चर्चच्या तळघरात बटाट्याचं कॅसरोल, कॉफीची मोठी किटली
आणि भिंतीवरच्या टीव्हीत
उपाध्यक्षपदाचे दोन उमेदवार.

आर्विड म्हणतो, गव्हर्नर होऊन दोन वर्षं नाही झाली पोराला,
परदेशातलं काय कळणार त्याला?
तुला काय कळतं, डॉर्थिया विचारते.
मी दर जूनला कॅनडात जातो, आर्विड म्हणतो,
मासे धरायला.
सगळे हसतात. मीही हसते.

पण मी चौतीस वर्षं या गावच्या शाळेत
बदलीवरचे शिक्षक नेमलेत.
पहाटे साडेपाचला फोन करून उठवायचं त्यांना:
कुणाला ताप, कुणाचं बाळंतपण,
कुणाची गाडी बर्फात रुतलेली.
पदव्या बघायचे, शिफारसपत्रं, अक्षरसुद्धा.
आणि चुकायचे. आता सांगायला लाज कसली,
सुवर्णपदकवाला एकजण
सातवीच्या पोरांनी दुपारच्या आत रडवून घरी धाडला.

मिस ओडेगार्डच्या फॉर्मवर मी लिहिलं होतं: ठीक.
नुसतं ठीक.
आवाज बारीक, बुटांना चिखल,
मुलाखतीत दोनदा 'माहीत नाही' म्हणाली.

लिंडग्रेन सर गेले तो मंगळवार होता.
फळ्यासमोरच, हातात खडू,
समीकरणाची डावी बाजू लिहून झालेली,
बरोबरचं चिन्ह काढलेलं,
आणि उजवीकडे
काहीच नाही.

बुधवारीही फळा तसाच. पुसायला कुणाचा हात धजला नाही.
ती आली. अंगातला कोटही न काढता
फळ्याकडे बघत उभी राहिली, बराच वेळ.
मग वर्गाकडे वळून, त्याच बारीक आवाजात:
'सर कुठपर्यंत आले होते?'
कुणीतरी सांगितलं. चुकीचं सांगितलं.
दुसऱ्यानं दुरुस्त केलं.
मी दाराच्या काचेतून बघत होते.

टीव्हीवर आता तो प्रश्न आला,
चार सभ्य घड्या घालून विचारलेला:
अध्यक्षांना काही झालं, तर?

पोरगा प्रश्न संपायच्या आतच बोलू लागला.
पहिला दिवस, पहिला आठवडा, पहिले शंभर.
सुरेख बोलला. टाळ्या पडल्या.
मला मात्र त्याच्या हातात
डस्टर दिसलं.

दुसरी, करखात्यात हयात घालवलेली,
पाण्याचा पेला उचलते, न पिता ठेवते.
गप्प.
इतकी गप्प, की किटलीचं खदखदणं ऐकू यावं.
मग काहीतरी बोलते, आकडे चुकवते.
हरली बाई, डॉर्थिया म्हणते.
ती फळ्याकडे बघत होती,
की उत्तर विसरली होती?
नाही सांगता येत. चौतीस वर्षांनंतरही नाही.

मतपत्रिका घरी येऊन पडलीय, फ्रिजवर चुंबकाखाली.
थोरल्याचं नाव, धाकट्याचं नाव,
आणि दोघांपुढे मिळून एकच गोल.
काळा करायचा तर दोघांचा.
बदलीवरच्या माणसाला वेगळा रकाना नाही.
कडेला 'ठीक' लिहावं म्हटलं
तर मतच बाद.

आर्विड खुर्ची ओढून जवळ येतो:
मग, मुख्याध्यापकबाई, पास की नापास?

मी म्हणते, कॉफी उरलीय का बघ आधी.