सानं

कोळंबे मॅडम, एसीचं नंतर बोलू.
आधी हात लावा ह्या भिंतीला.
बोटं नाही, अख्खा तळवा. हां.
दुपारचे अडीच, एरंडोलात कुत्रीसुद्धा
अंजनीच्या पुलाखाली जाऊन पडलीत,
आणि भिंत गार.
सव्वा हात माती आहे ही.
बाहेरचं ऊन तिला कळेपर्यंत रात्र होते.

तुम्ही कोकणातल्या. तिकडं घाम येतो.
इथं तो यायच्या आतच वाळतो,
कपाळावर नुसतं मीठ राहतं.
तिकडची अक्कल इथं चालत नाही.
तिकडं खिडकी उघडली की वारा,
इथं मे महिन्यात दिवसा खिडकी उघडली
की भट्टीचं दार.
नऊच्या आत लावून घ्या सगळं,
डाक सुटायच्या आधी.
रात्री अकरानंतर उघडा,
आणि हे वरचं सानंही.

सानं म्हणजे ते, धाब्यातलं भोक.
आधीच्या मालकानं त्यावर फरशी ठेवली,
म्हणाला, मांजर येतं.
मांजर येईना, पण गरम हवा गेली कुठून?
पुढं त्यानं ह्या खोलीला सिमेंटचा गिलावा केला.
बघा, फुगलाय. टिचकी मारा,
पोकळ वाजतो, पिकल्या कलिंगडासारखा.
आत ओल अडकली. मातीला माती लावायची असते, मॅडम,
पोस्टाच्या पाकिटाला तुम्ही डांबर लावाल का?

आता कूलर.
अडतीस वर्षं हेच करतोय मी,
बाप कापूस पिंजायचा, मी वाळा पिंजतो.
कूलर खिडकीबाहेर, सावलीत,
आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी.
बंद खोलीत लावाल तर तास-दोन तासांत
कोकण होईल आत. मग मला फोन कराल,
मुनाफभाई, पापड सादळले.
पाणी भरताना बटण बंद, पिन बाहेर.
पाणी भरताना बटण बंद, पिन बाहेर.
दोनदा का सांगितलं, ते विचारू नका.
अर्थिंगची तार मी माझ्या पैशानं टाकतो
प्रत्येक घरात. बिलात ती दिसणार नाही.

थंडी? हसू नका, पडते.
पौषात इथं केळीची पानं करपतात गारठ्यानं.
दुपारी दक्षिणेची खिडकी उघडी ठेवा,
ऊन भिंतीला पाजा, चारला बंद करा,
सानं झाका घोंगडीच्या तुकड्यानं.
पण शेगडी पेटवाल त्या रात्री झाकू नका,
उघडंच ठेवा, पाय गारठले तरी.
धूर दिसतो, तो भिववतो.
जो दिसत नाही, तो झोपेत येतो.

वर जूनच्या आधी
दहा-बारा पाट्या खारी माती टाकून घ्या,
पांढरी, नदीपलीकडची.
सुकदेव भिल आणतो गाढवावरून,
घासाघीस करू नका त्याच्याशी,
उतार कुठं द्यायचा ते त्याच्या टाचेला कळतं.

माझं घर?
माझं स्लॅबचं. दोन मजली.
बापाचं धाबं पाडून बांधलं,
पोराच्या लग्नाआधी, लोकांना दिसावं म्हणून.
रात्री दोनपर्यंत छत तव्यासारखं,
सगळे गच्चीवर ओल्या चादरीत झोपतो.
पोरगा म्हणतो, अब्बा, एसी घेऊ.
घेऊ.
पण त्या पाडलेल्या धाब्याच्या ट्रॉल्या
मीच मोजल्या होत्या. एकोणीस.
एका खड्ड्यात ओतल्या, बसस्टँडमागं.
तिथं आता गाड्या धुतात.

तर तुम्हाला एसी लागेलच असं नाही,
लागला तर लहान घ्या, फक्त निजायच्या खोलीत,
आणि तो चालू असताना
तेवढं सानं बंद.
दोरी बांधून देतो झाकणाला,
खालून ओढता येईल अशी.

शिडी आहे का हो?
नसली तर शेजारच्या पाटलांकडून आणतो.
चहा नको.
माठ कुठं ठेवलाय?
अहो, दारामागं नाही,
सान्याखाली ठेवा त्याला.