बोनाफाईड

नोव्हेंबरात मोहोराच्या राखणीला आलेला धनसुर बुढा
दोन मुलं घेऊन शाळेच्या पायरीखाली उभा राहिला,
चपला हातात.
मी विचारलं, आधीच्या शाळेचा दाखला?
त्याने तळहात तिरका धरला
आणि वरून खाली आणला, थेट जमिनीपर्यंत.
'पहिरो,' म्हणाला.
मला वाटलं गावाचं नाव असेल.
लिहिलंसुद्धा रकान्यात.

केंद्रप्रमुख फोनवर म्हणाले,
कागद नसले तरी घ्या, वयाप्रमाणे बसवा,
पट वाढतोय ना तुमचा?
वाढत होता. अकराचे तेरा.

सिर्जना चौथीत. टेक पहिलीत.
टेक चार दिवस खिचडी खाईना,
ताटली पोटाशी धरून फाटकाकडे चालू लागायचा,
आईसाठी.
पाचव्या दिवशी मंदाताईंनी आईलाच बोलावून घेतलं
तांदूळ निवडायला.

हजेरीला सिर्जना म्हणायची, 'हजुर.'
हजर म्हण गं, हजर.
ती मान डोलवायची, म्हणायची, 'हजुर.'
नाताळापर्यंत सगळा वर्ग हजुर झाला,
जुवाटकरांचा हर्षल तर कमरेत वाकून.
रागवायला म्हणून उठले आणि
खडू शोधत राहिले.

जानेवारीत धड्यात दरड आली.
चित्रात डोंगर, बाण खालच्या दिशेने.
सिर्जनाने पुस्तकावर तळहात तिरका धरला
आणि खाली आणला.
मधल्या सुट्टीत मी रजिस्टर काढलं.
मागील शाळेचे गाव: पहिरो.
खोडलं नाही.
खोडून तिथे काय लिहिणार होते?

अक्षरं तिला येत होती, बाराखडी तीच.
निबंध लिहिला, माझे गाव:
'सकाळी डोंगरावर घाम येतो.
रात्री जून येते. मोठी असते.'
मी लाल पेन उघडून बसले.
मग टेकने खिडकीतून बोट दाखवलं आभाळात,
घाम म्हणजे ऊन. जून म्हणजे चांदोबा.
आपल्याकडे घाम कपाळाला, आणि जून तो नारळ.
चूक म्हणावी तर एकच होती,
सगळी वाक्यं वर्तमानकाळात.
पेन मिटलं.

मी बीडची. आठ वर्षं झाली देवगडला,
दर मे महिन्यात बदलीचा अर्ज.
अजून कुणी भरभर बोललं की नुसतं हं हं करते.
हर्षलची आई दारात उभी राहून काही सांगत होती,
मी हं हं करत होते,
तर मागच्या बाकावरून सिर्जना,
'बाई, हर्षलाची दाढ दुखता.
घराक न्हेव काय, इचारतत.'
गोट्या खेळता खेळता शिकली होती.

आंबा उतरला. धनसुर आला, चपला हातात.
चालले, असं वाटून मी दाखल्यांचं पुस्तक काढलं.
नाही म्हणाला. बागेत पंप बसवायचाय, राहतोय.
फक्त एक कागद द्या,
मुलगी या शाळेत आहे असा, शिक्क्याचा.
घरात एकही नाही.

बोनाफाईड लिहायला घेतलं.
जन्मस्थळ विचारून लिहिलं, दोनदा विचारून.
मातृभाषा: नेपाळी.
सिर्जना माझ्या कोपराशी उभी राहून वाचत होती.
'बाई,' म्हणाली, 'मालवणी पन लिवा.'
रकाना बोटभर.
मी अक्षर बारीक केलं.